‘हो’ म्हणायचा अधिकार गावाचा: मोहफुलाच्या एका सौद्याचं प्रकरण

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या, छत्तीसगडच्या हद्दीकडच्या एका ग्रामसभेचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव, परिषदेचं नाव आणि बोलणी करणाऱ्या कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. बोलणी अजून चालू आहेत आणि लिहायला परवानगी देताना गावाने तशी अटच घातली. मी या भागातल्या ग्रामसभांना दप्तर आणि हिशेबात मदत करतो. परिषदेला सोबत गेलो ते मुख्यतः भाषेसाठी आणि रेल्वेच्या तिकिटांसाठी.

गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे भोवतालच्या जंगलावरचा आणि त्यातल्या वनोपजावरचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळालेला आहे. तेंदूपत्त्याखालोखाल उन्हाळ्यातली रोख कमाई मोहफुलाची. याच गावातल्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून गावातल्या दारूभट्ट्या बंद पाडल्या आहेत. हैदराबादच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत माध्यमं, उद्योग आणि सामाजिक उपक्रम अशा तिन्ही क्षेत्रांतली मंडळी गावच्या प्रतिनिधींशी बोलली, आणि मोहफुलाला सगळ्यांत चढा भाव देणारा निघाला तो दारू बनवणारा. गावाने काय केलं, हा या प्रकरणाचा विषय. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते गावाने प्रतिनिधींना पाठवताना काय करून ठेवलं होतं ते.

फूल आणि कायदा

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून गळू लागतात. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर माकडं, गुरं आणि अस्वलं आहेतच. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, दुपारी परततात, अंगणात फुलं पसरतात. ओल्या फुलात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे टोपलीभर वेचलेलं फूल वाळल्यावर ओंजळीत मावेल की काय असं वाटतं. वाळलेल्या फुलात मात्र वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, लाडू करतात, बैलालाही चारतात. आणि अर्थात सडवा टाकून गाळतात.

व्यवहार कसा चालतो तेही सांगायला हवं, कारण परिषदेत याची चौकशी एकाच माणसाने केली. होळीच्या सुमारास घरात रोकड नसते. आठवडी बाजारात व्यापारी फूल घेतो, कधी पैशाने, कधी मीठ-कांदा-तेलाच्या बदल्यात. भाव त्या वेळी सगळ्यांत पडलेला असतो, कारण सगळ्यांकडेच फूल असतं. पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना घरातलं फूल संपलं की तीच बाई त्याच व्यापाऱ्याकडून तेच फूल चढ्या भावाने विकत घेते. केंद्राने २०२० मध्ये सुक्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. कागदावर ती मोठी वाढ होती. पण आधारभूत किमतीला अर्थ येतो तो जवळ खरेदी केंद्र असेल आणि ते वेळेवर उघडेल तेव्हा.

कायद्याची बाजू मजेशीर आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्याकडे कायम आहे आणि ती टिकवण्यात बायांच्या गाव संघटनांचा मोठा वाटा आहे. मोहफुलाचं संकलन, साठवण आणि वाहतूक यांवर मुंबई राज्याच्या काळापासून उत्पादन शुल्क खात्याचे निर्बंध होते. राज्य सरकारने ते २०२१ मध्ये सैल केले. म्हणजे फूल मोकळं झालं, दारू बंदच राहिली. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमात ग्रामसभेला दोन अधिकार एकाच पोटकलमात, एकाखाली एक दिलेले आहेत. पहिला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा, दुसरा गौण वनोपजाच्या मालकीचा. मोहफुलाच्या बाबतीत हे दोन्ही अधिकार एकमेकांसमोर उभे राहतात, हे तो मसुदा लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं होतं का, कोण जाणे.

ठराव

परिषदेचं निमंत्रण एका मध्यस्थ संस्थेकडून आलं. त्यांना गावातून एक बाई हवी होती, दहा मिनिटं बोलणारी, शक्यतो पारंपरिक पोशाखात. ग्रामसभेत यावर बरीच हशा-मस्करी झाली आणि मग गंभीर चर्चा. आंतरराष्ट्रीय व्यासपीठाचं अप्रूप आमच्या जिल्ह्याला फारसं नाही. इथल्या ‘सर्च’ संस्थेचं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि ते काम केलं होतं गावातल्या बायकांनीच. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हापासून परदेशी पाहुण्यांच्या गाड्या या रस्त्यांना नव्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने नागरी संघटनांची सी-२० बैठक तर थेट नागपुरात झाली. तारखा होत्या २० ते २२ मार्च, म्हणजे ऐन मोहाच्या हंगामातल्या. त्या दिवसांत आमच्या भागातली बाई कुठे असते हे वर लिहिलंच आहे.

या वेळची परिषद नोव्हेंबरात होती, धान कापणीच्या धामधुमीत, पण निदान मोहाच्या हंगामात नाही. गावाने एकाऐवजी तिघांना पाठवायचं ठरवलं: दारूबंदीच्या गाव संघटनेतल्या एक मावशी, वनहक्क समितीच्या सचिव ताई आणि ग्रामसभेचा हिशेब ठेवणारा बी.कॉम. झालेला पोरगा. जादा दोघांचं भाडं ग्रामसभेच्या तेंदूच्या पैशातून. रजिस्टरमधला ठराव छोटा आहे. त्यात लिहिलंय की तिघांनी ऐकून यावं, विचारून यावं, आपलं फूल दाखवून यावं, आणि गावाच्या वतीने कोणतीही गोष्ट कबूल करू नये.

मला त्या वेळी हे शेवटचं वाक्य अति सावधपणाचं वाटलं होतं. मेंढ्याच्या पद्धतीचा प्रभाव इकडच्या बऱ्याच ग्रामसभांवर आहे: निर्णय सर्वसहमतीने, आणि अवघड विषय आधी अभ्यास गटात. पण सौद्याच्या बाजारात हात बांधून माणसं पाठवायची? पुढे जे घडलं ते या एका वाक्यामुळे घडलं असं आज मला वाटतं.

माध्यमवाले

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी माहितीपट बनवणाऱ्या एका डिजिटल वाहिनीच्या निर्मात्याने मावशींना गाठलं. त्याला पहाट, टोपली, झाड आणि मावशी हे सगळं एका चौकटीत हवं होतं. पुढच्या आठवड्यात टीम पाठवतो म्हणाला.

मावशी म्हणाल्या, “आता झाडाले फूल कुठलं जी? मार्च लागू द्या.”

त्याने तोड काढली. सुकी फुलं झाडाखाली पसरू, प्रकाश संध्याकाळचा घेऊ, पडद्यावर कळत नाही. मावशींनी विचारलं, मग आमच्या गावात कशाला येता, कोणत्याही झाडाखाली पसरा. तो हसला आणि कार्ड देऊन गेला. मार्चमध्ये त्याचा फोन आला नाही.

दुसरी एक पत्रकार होती, स्वतःच्या बळावर ग्रामीण बातम्या करणारी. तिने आधी भाव विचारला. मग वजन कोण करतं, काटा कोणाचा, होळीला किती आणि श्रावणात किती, हे विचारलं. अर्धा तास तिने दुसरं काही विचारलं नाही. ताई मला नंतर म्हणाल्या, ही बाई व्यापाऱ्याची पोरगी असावी. (होती! तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं.) तिची बातमी पुढे आली, नीट आली. तिचा परिणाम मात्र सरळ नव्हता. त्या बाजारातल्या व्यापाऱ्याने रागाने काही आठवडे गावाचं फूल घेणंच बंद केलं, आणि ज्या घरांना मिठा-तेलाला पैसे हवे होते त्यांना दूरच्या बाजारात चालत जावं लागलं. चांगल्या बातमीची किंमत कोण मोजतो, यावर माध्यमांच्या परिषदांत फारसं कोणी बोलत नाही.

उद्योगवाले

उद्योगातले दोघे महत्त्वाचे. एक पौष्टिक खाद्यपदार्थ बनवणारा, दुसरा मद्य बनवणारा.

खाद्यवाल्याने बोलण्याआधी फूल मागितलं. मावशींनी कापडी पिशवीतून मूठभर काढून दिलं. त्याने ते टेबलावरच्या पांढऱ्या कागदी रुमालावर पसरलं, बोटांनी हलवलं आणि रुमाल आमच्याकडे फिरवला. रुमालावर बारीक वाळू आणि काळपट राख होती. एक फूल मोडून त्याने वास घेतला. धुराचा वास होता. तो ओशाळला नाही आणि आम्हालाही त्याने ओशाळं केलं नाही. म्हणाला, चव उत्तम आहे, पण हे मी लहान मुलांच्या खाऊत घालू शकत नाही.

राख कुठून येते हे आमच्या तिघांनाही ठाऊक होतं. गळालेलं फूल पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून हंगामाआधी झाडाखालचा पाला पेटवतात. मध्य भारतातल्या जंगलांत उन्हाळ्यात लागणाऱ्या आगींचं हे एक मोठं कारण आहे. वनखातं त्यावर फलक लावतं, आणि फलकाखालीही पाला पेटतो.

त्याने युरोपची अडचणही सांगितली. तिथल्या नियमाप्रमाणे १५ मे १९९७ पूर्वी युरोपात लक्षणीय प्रमाणात खाल्ला न गेलेला पदार्थ ‘नवा’ समजला जातो आणि त्याला आधी मंजुरी लागते. इतर देशांतल्या पारंपरिक पदार्थांसाठी त्यातल्या त्यात सोपी वाट आहे, पण तिथे निदान २५ वर्षं लोक ते सुरक्षितपणे खात आल्याचे पुरावे द्यावे लागतात.

“पंचवीस?” मावशी म्हणाल्या. “माह्या आजीचे दात दाखवू का?”

२०२१ मध्ये छत्तीसगडच्या कोरबा भागातली सुकी मोहफुलं समुद्रमार्गे फ्रान्सला रवाना झाली होती, म्हणजे बाहेरची वाट अगदीच बंद नाही. पण हा माणूस देशातल्या बाजारापुरतंच बोलत होता: स्वच्छ फूल, ठरलेली ओल, पहिल्या वर्षी थोडाच माल, भाव आधारभूत किमतीहून बरा. किती घेईन याचं वचन त्याने दिलं नाही, आणि मागितलंही नाही.

मद्यवाला दुसऱ्या दिवशी आला. नम्र, अभ्यासू, स्वतः दोनदा बस्तरमध्ये राहून आलेला. कारखाना महाराष्ट्राबाहेर, परवाने रीतसर. मोहाच्या दारूला हलकी समजणं ही इंग्रजी अमदानीची देणगी आहे, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून धोरणात जागा दिली आहे. त्याने भाव सांगितला तो आधारभूत किमतीच्या दुपटीहून जास्त. राख-वाळूची त्याला खाद्यवाल्याइतकी पर्वा नव्हती. माल हवा होता भरपूर, आणि हंगामाआधी निम्मी रक्कम उचल द्यायची तयारी होती. होळीच्या आधी हातात रोकड म्हणजे काय, हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

मावशींनी शांतपणे सांगितलं की आम्ही आमच्या गावात दारू बंद केली आहे.

त्याने जे उत्तर दिलं ते मला अजून खोडून काढता आलेलं नाही. तो म्हणाला, “तुमचं फूल आजही व्यापारी घेतो. तो त्याचं काय करतो? लाडू? त्यातलं बरंच फूल कुठल्या तरी भट्टीतच जातं, कदाचित तुमच्याच शेजारच्या गावात. फरक इतकाच की तो तुम्हाला सांगत नाही आणि मी सांगतोय.”

कोणी काही बोललं नाही. मग पोरगा म्हणाला, “तुमची गोष्ट गावात मांडू. हो म्हणायचा अधिकार आमाले नाही.”

सह्या कोण करतं, असं त्याने विचारलं. गाव, असं उत्तर मिळालं. मग एक सही करणारा ठरवा, कागद मेलवर पाठवतो, उचल याच महिन्यात देतो, असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा तेच उत्तर. दुपारी मध्यस्थ संस्थेचे एक अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले की अशी संधी पुन्हा येत नाही, निदान हेतुपत्र तरी देऊन टाका. तिथे जर एखादा ‘अध्यक्ष’ असता, त्याच्या खिशात शिक्का असता, तर माझा अंदाज आहे की चारच्या आत सही झाली असती. त्यात कोणाचा वाईट हेतू लागला नसता. समोरचा चांगला होता, भाव चांगला होता, आणि तीन दिवस सगळे टाळ्या वाजवत होते. परिषदेच्या हवेत माणसाला नाही म्हणणं जड जातं. ज्याला हो म्हणताच येत नाही, त्याच्यावर हे ओझंच नसतं. ठरावातल्या त्या वाक्याचा उपयोग मला तिथे कळला.

नवोपक्रमवाले

यांच्यातल्या तिघांबद्दल लिहितो. बाकीच्यांची कार्डं पोराकडे आहेत.

एका तरुणाने मोबाइलवरचं अॅप दाखवलं. प्रत्येक झाडाची जागा नकाशावर, प्रत्येक वेचणारीचा फोटो, पाकिटावर छापलेल्या चौकोनी खुणेवरून शहरातल्या गिऱ्हाइकाला सगळं दिसणार. ताईंना ते आवडलं. पोराने विचारलं की ही माहिती राहणार कोणाजवळ. उत्तर लांबलचक होतं आणि त्यात ‘तुमच्याजवळ’ हा शब्द नव्हता. गावात कोणतं मोहाचं झाड कोणत्या घराने वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं, ते कुठे लिहिलेलं नसतं आणि त्यावरून भांडणं झालीच तर गावातच मिटतात. ते नकाशावर चढवलं की मिटवायला कोण येईल, हा ताईंचा प्रश्न. तरुण प्रामाणिक होता. म्हणाला याचा विचार केला नव्हता.

एका निधी देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी विचारलं की हे काम किती गावांपर्यंत नेता येईल. मावशींनी सांगितलं, आमच्या शिवेपर्यंत. बोलणं तिथेच संपलं. मला वाटतं त्या बाईंना उत्तर उद्धट वाटलं असावं. ते नुसतं खरं होतं.

तिसरा माणूस भाषण करायला आलाच नव्हता. शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या गटाचा कार्यकर्ता, जेवणाच्या रांगेत ताईंच्या मागे उभा. तो मोहाच्या झाडाखाली जाळ्या बांधतो. चार-सहा खांब, कमरेएवढ्या उंचीवर ताणलेली बारीक भोकांची जाळी, मध्यभागी किंचित झोळ. फूल मातीला लागत नाही, पाला पेटवायची गरज पडत नाही, वाकून एकेक फूल वेचायचं राहत नाही. जाळी केवढी घ्यायची, भोकं किती बारीक, वाऱ्याने फाटते कुठे, अस्वल आलं तर काय होतं, गुरं अडकू नयेत म्हणून एक बाजू कशी मोकळी ठेवायची, हे सगळं त्याने ताटं हातात धरून सांगितलं. ताईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर आकृती काढून घेतली. पूर्ण परिषदेतून गावात सगळ्यांत आधी जे काही उतरलं ते हे, आणि त्याला दहा मिनिटंही लागली नव्हती.

गावात

ग्रामसभेच्या पहिल्या बैठकीत मावशींनी सगळं सांगितलं. मद्यवाल्याचा भाव सांगितला, त्याचा युक्तिवादही जसाच्या तसा सांगितला, स्वतःचं मत मात्र दिलं नाही. दारूबंदीसाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईला हे किती कठीण गेलं असेल!

मग बोलणी पेटली. एक बाई म्हणाली, आपण भट्ट्या फोडल्या त्या काय दूरच्या भट्टीला फूल पुरवण्यासाठी? एका म्हाताऱ्याने आठवण दिली की नवं फूल घरात आणण्याआधी पंडुम, म्हणजे नव्या पिकाची पूजा, करतात, देवाला मोहाची धार लागतेच. फुलात पाप नाही, पिण्याच्या मापात आहे. तरुणांपैकी काहींना मद्यवाल्याचं म्हणणं पटलं होतं. एक विधवा बाई उठली. तिचा नवरा दारूने गेलेला, सगळ्या गावाला माहीत. ती म्हणाली, “पिणारा गेला माहा. आता वेचणारी मीच हाय. मले भाव पायजे.” तिच्या बोलण्यानंतर दारूविरोधी बाजूचा आवाज खाली आला. एवढ्यावर मतदान घेतलं असतं तर सौदा बहुधा मंजूर झाला असता. पण तिथे मतदान नसतं. विषय अभ्यास गटाकडे गेला.

अभ्यास गटाने दोन कामं केली. एक, बाजारातल्या व्यापाऱ्यांना सरळ विचारलं की आमचं फूल जातं कुठे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही: काही ढोरांच्या खाद्याला, काही हद्दीपलीकडे, आणि पलीकडे काय होतं ते आम्ही बघत नाही. म्हणजे मद्यवाला खरं बोलत होता. दुसरं, घरोघरी विचारलं की होळीला किती विकलं आणि पावसाळ्यात किती परत घेतलं. हा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता, कारण विकणं एका ऋतूत आणि घेणं दुसऱ्या ऋतूत. जोडून पाहिल्यावर दिसलं की गाव आपल्याच फुलावर दरवर्षी दोनदा तोटा खातं. मद्यवाल्याच्या दुप्पट भावाचा मोठा हिस्सा या परतखरेदीतच जिरला असता.

दुसऱ्या बैठकीत, जवळजवळ रात्रभर बसून, असं ठरलं. हंगामात ग्रामसभा स्वतः फूल घेणार, आधारभूत भावाने, तेंदूच्या शिल्लक पैशातून. बांबूच्या ढोल्यांत ते साठवायचं आणि पावसाळ्यात घरांना घेतल्याच भावाने, थोडा खर्च चढवून, परत द्यायचं. काही झाडांना जाळ्या बांधायच्या आणि ते फूल खाद्यवाल्याला. मद्यवाल्याला यंदा नाही. पण त्याला कळवताना तीन प्रश्न विचारायचे: लाभातला वाटा कसा देणार, कारण २००२ चा जैवविविधता कायदा जैविक संसाधनांच्या व्यापारी वापरात स्थानिकांचा वाटा मानतो, बाटलीवर गावाचं, जमातीचं नाव किंवा बाईचं चित्र वापरणार का, आणि तुमचा माल आमच्या जिल्ह्यात येणार नाही याची खात्री कोण देणार.

माझं मत वेगळं होतं आणि मी ते बैठकीत मांडलं. थोडा माल अटी घालून मद्यवाल्याला द्यायला हरकत नव्हती, असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं. व्यापाऱ्यामार्फत डोळे झाकून जाणाऱ्या फुलापेक्षा उघड्या करारातून जाणारं फूल बरं. शिवाय त्या विधवा बाईला यंदाच पैसे हवे होते, अभ्यासानंतरच्या वर्षी नाही. माझं ऐकून घेतलं गेलं.

हंगाम

पहिल्या हंगामात सगळं सुरळीत झालं नाही. जाळीच्या झाडांखाली पाला पेटला नाही हे खरं, पण बाकीच्या जंगलात नेहमीप्रमाणे पेटला. एका वादळी पावसात दोन जाळ्या फाटल्या. खाद्यवाल्याने माल घेतला आणि वेळेवर पैसे दिले, मात्र ओल जास्त म्हणून काही पोती परत केली. परतीचं भाडं कोणी द्यायचं यावर महिनाभर फोन चालले, शेवटी निम्मं-निम्मं झालं. सगळं फूल साठवायला ग्रामसभेकडे पैसा पुरला नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त अजून व्यापाऱ्याकडेच गेलं. आषाढात ढोल्यांतल्या फुलाला ओल धरली, ते काढून पुन्हा शेकावं लागलं.

तरी रोवणीच्या दिवसांत बायांनी ग्रामसभेकडून फूल नेलं, आणि बाजारातला भाव त्या वर्षी नेहमीइतका चढला नाही. हे आपल्या साठ्यामुळे झालं असं गाव म्हणतं. एका वर्षावरून मी तरी असं म्हणणार नाही; त्या हंगामात फूलही बरं लागलं होतं.

मद्यवाला एप्रिलमध्ये स्वतःच्या खर्चाने गावात आला, हे मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त सांगून गेलं. दोन रात्री राहिला, पहाटे झाडाखाली गेला, ग्रामसभेत मागच्या रांगेत बसला. वाट्याची रक्कम त्याने लिहून दिली. त्याचा माल या जिल्ह्यात येणार नाही याची लेखी हमी द्यायलाही तो तयार झाला, मात्र हमी मोडली तर दंड किती, यावर अजून घासाघीस चालू आहे. बाटलीवरच्या चित्राचं मात्र त्याने उत्तर दिलं नाही. टोपली घेतलेल्या बाईचं चित्र त्याच्या जाहिरातवाल्यांना फार आवडलेलं आहे. मावशींनी त्याला सांगितलं की बाटलीवर तुझ्या आईचं चित्र लाव. तो हसला, त्या हसल्या नाहीत.

त्या फाटलेल्या जाळ्यांचं बिल, खाद्यवाल्याची पुढच्या वर्षाची मागणी आणि मद्यवाल्याचं पत्र हे तिन्ही विषय तेंदूचा हंगाम आटोपल्यावर होणाऱ्या ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहेत. पहिला विषय जाळ्यांचा, आणि मद्यवाल्याचा चौथा. तिसऱ्या क्रमांकावर शाळेच्या छपराची गळती आहे.